नागपूरचा विनोदवीर घरी येतो तेव्हा

विनोदवीर नावारूपाला आला की कधीतरी कॅमेरा घेऊन तो लहानपणाच्या गल्लीत येतोच. जुनी शाळा, कौलारू घराच्या जागी उभी राहिलेली चारमजली इमारत, अजून ओळख ठेवून असलेला पानठेलेवाला आणि आजीचा विषय निघाला की जड होणारा आवाज. हा प्रकार आता इतका रुळलाय की बघणाऱ्याला पुढचं दृश्य आधीच माहीत असतं. पण हा माणूस हसवायला शिकला कुठे, हे सहसा कोणी विचारत नाही. घरी शिकला म्हणावं, तर त्या घरात कोण कोण धरायचं?

विदर्भातून गेलेली नावं काही कमी नाहीत. भारत गणेशपुरे अमरावतीकडचे. ‘फू बाई फू’ आणि २०१४ पासून ‘चला हवा येऊ द्या’ या कार्यक्रमांमुळे त्यांची वऱ्हाडी कोकणापर्यंत पोहोचली. सुनील पाल हिंगणघाटचे. २००५ साली ‘द ग्रेट इंडियन लाफ्टर चॅलेंज’चं पहिलं पर्व त्यांनी हिंदीतून जिंकलं. आणि गडचिरोलीचे डॉ. परशुराम खुणे. मुंबई-पुण्याच्या नाट्यवर्तुळात त्यांचं नाव फारसं कोणी घेत नव्हतं, पण २०२३ साली पद्मश्रीच्या यादीत ते आलं. तिघांचे बाज निराळे, रंगमंच निराळे. मुळं शोधायला निघालं की वाटा मात्र एकाच मुलखात येऊन मिळतात.

या मुळांबद्दल माझं एक म्हणणं आहे, ते आधीच सांगून टाकतो. मालिका-सिनेमात वऱ्हाडी बोलणारा माणूस बहुतेक वेळा हसण्याचा विषय असतो. तो गडी असतो, शिपाई असतो, नाहीतर गावाहून पहिल्यांदा शहरात आलेला पाहुणा. त्याने तोंड उघडलं की हशा. त्याच्या स्वतःच्या मुलखात मात्र रात्रीच्या खेळात, कीर्तनात आणि मिरवणुकीत याच बोलीतला माणूस दुसऱ्याला हसत आलाय. सावकाराला, पुढाऱ्याला, भोंदू बुवाला, आणि वेळ आली तर समोर बसलेल्या गावालासुद्धा. विनोदवीर गावी परततो तेव्हा तो नुसता घरी येत नाही, या दुसऱ्या जागी येतो. ती जागा कशी तयार झाली, ते बघण्यासारखं आहे.

राजधानीची उपराजधानी

नागपूर वसवलं गोंड राजा बख्त बुलंद शाहाने, १७०२ च्या सुमाराला. पुढे भोसले आले. १८५३ साली तिसरे रघुजी वारसाविना गेले आणि पुढच्याच वर्षी इंग्रजांनी राज्य खालसा केलं. १८६१ साली मध्य प्रांत झाला, त्याची राजधानी नागपूर. १९०३ मध्ये वऱ्हाड त्याला जोडला गेला. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ मुंबई राज्यात जाईपर्यंत नागपूर ही हिंदी आणि मराठी अशा दोन्ही मुलखांची राजधानी होती. कचेरीत हिंदी, घरात मराठी, बाजारात दोन्हींची खिचडी. पश्चिमेकडून वऱ्हाडी आली, पूर्वेकडून झाडीबोली. १८७७ साली एम्प्रेस मिल सुरू झाल्यावर गावागावांतून कामगार आले, ते आपापली बोली आणि रात्रीच्या खेळांची आवड घेऊनच.

म्हणून नागपूरचं पोर दोन भाषांत चिडवायला शिकतं. एकीत टोमणा मारायचा आणि दुसरीत पळ काढायचा. आणि राजधानीपण गेल्याचा सल आजही इथल्या टिंगलीत पुरून उरलाय. नागपूर करारानुसार दरवर्षी हिवाळी अधिवेशन भरतं आणि दर डिसेंबरात ‘आले बाप्पा संत्री खायले’ हा शेरा नव्याने ऐकू येतो. संत्र्यांच्या जोडीला सावजीचा रस्सा आणि हुरडा. विदर्भाचे प्रश्न त्यानंतर, वेळ उरला तर. या विनोदाला लेखक नाही. कोणा कलावंताने तो मंचावर आणला तर त्याने घरचंच नाणं वापरलं म्हणायचं.

घेऊन जा गे मारबत

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे तान्ह्या पोळ्याला, सकाळी पोरं लाकडी बैल सजवत असतात आणि तिकडे नागपूरच्या इतवारी-महाल भागात मारबतींची, म्हणजे बाईच्या रूपातल्या मोठ्या पुतळ्यांची, मिरवणूक निघते. काळी मारबत १८८१ पासून निघते आणि पिवळी १८८५ पासून, असं ती काढणारे सांगतात. काळीचा संबंध कोणी पूतनेशी जोडतात, तर कोणी भोसले घराण्यातल्या बाकाबाईशी. तिने इंग्रजांशी संधान बांधलं, हा लोकांचा राग. इतिहासाचे अभ्यासक बाकाबाईबद्दल काय म्हणतात हा वेगळा विषय. लोकांनी मात्र आपला निकाल पुतळ्यात घालून ठेवला आणि जवळपास दीडशे वर्षं तो दरसाल वाचून दाखवला.

विनोदाच्या दृष्टीने मारबतीपेक्षा बडगे महत्त्वाचे. बडग्या म्हणजे कागद, बांबू, जुने कपडे यांचा पुतळा, आणि त्याच्या गळ्यात त्या वर्षीच्या पीडेची पाटी. महागाई, खड्डे, डेंग्यू, भ्रष्टाचार, एखादा पुढारी, कधी शेजारचा देश. पाटीवरचा मजकूर वस्तीतल्याच कुणाच्या तरी डोक्यातून आलेला असतो, अर्धा हिंदी, अर्धा मराठी, यमक जुळलं तर जुळलं. मग आरोळी उठते: ‘रोगराई, इडा-पिडा घेऊन जा गे मारबत!’ ती ठरलेली असते, पण तिच्यात काय घालायचं ते दरवर्षी नवं.

बापाच्या खांद्यावर बसून हे पाहणारं पोर एक गोष्ट शिकतं. बाजूला पोलिसांचा बंदोबस्त उभा असतो आणि त्याच्यासमोरून सत्तेवरच्या माणसाची नक्कल वाजतगाजत जाते. वर्षातून एकदा, परवानगीने, पण नाव घेऊन. व्यंगचित्र म्हणजे काय हे कळायच्या आत त्याने ते चालताना पाहिलेलं असतं. मोठेपणी यातला कोणी माइक हातात घेतो तेव्हा ‘ही टोकदार विनोदबुद्धी आली कुठून’ असं त्याला विचारणाऱ्याने एकदा तान्ह्या पोळ्याच्या दिवशी नागपुरात यावं.

गाडगेबाबांचा प्रश्न

वऱ्हाडी विनोदाची वंशावळ काढायची तर गाडगेबाबांपाशी थांबावंच लागतं. डेबूजी झिंगराजी जानोरकर, जन्म २३ फेब्रुवारी १८७६, अमरावती जिल्ह्यातलं शेंडगाव. बाप दारूपायी गेला. पोर मामाकडे दापुऱ्याला वाढलं, गुरं राखली, शेतात राबलं. पुढे मामाची जमीन सावकाराने घशात घातली. हे सगळं त्यांच्या चरित्रात येतं आणि बहुतेक लेखक दुःखाचा भाग म्हणून ते सांगून पुढे जातात. मला ते त्यांच्या कीर्तनाचं कच्चं सामान वाटतं. दारू, कर्ज, सण-बारशाला बोकड कापून होणारी उधळपट्टी, देवाच्या नावाने चाललेला बाजार हे विषय त्यांनी बाहेरून आणले नव्हते. स्वतःच्या मुलीच्या बारशाला त्यांनी दारू-मटणाऐवजी गोडाचं जेवण घातलं. त्या काळात गावाला ही थट्टाच वाटली असणार.

त्यांची रीत साधी होती. उपदेश करायचा नाही, विचारायचं. देवाला आंघोळ कोण घालतं? नैवेद्यावर कुत्रं आलं तर हाकलतं कोण? समोरची माणसं भोळेपणाने उत्तर देत जात, आपणच. मग हे एवढंही न करता येणारा देव तुमचं काय राखणार, असं ते विचारत. तोवर गर्दी हसत असे. आपण स्वतःलाच हसलो हे तिच्या जरा उशिरा लक्षात येई. आजचे स्टँडअपवाले प्रेक्षकांशी थेट बोलण्याला ‘क्राउड वर्क’ म्हणतात आणि त्याच्या कार्यशाळा भरतात. हाती खराटा आणि गाडगं असलेल्या, शाळेत न गेलेल्या या माणसाने ते हजारोंच्या गर्दीसमोर ध्वनिक्षेपकाशिवाय केलं. १९५६ सालच्या त्यांच्या अखेरच्या दिवसांतल्या कीर्तनाचं ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. ते ऐकताना विनोदाचा कान असलेल्याने फक्त थांबण्याच्या जागा मोजाव्यात.

ही वाट तिथेच संपली नाही. तुकडोजी महाराजांनी खंजिरीवर भजन नेलं, त्यात समजावणी जास्त आणि चिमटे कमी. अकोल्याकडच्या सत्यपाल महाराजांनी एकाच वेळी सात खंजिऱ्या वाजवत चिमट्यांचं प्रमाण पुन्हा वाढवलं. ‘मिर्झा एक्स्प्रेस’ घेऊन गावोगाव फिरलेले डॉ. मिर्झा रफी अहमद बेग यांनी वऱ्हाडी विनोदी कवितेचा एकपात्री कार्यक्रमच उभा केला. मुसलमान कवी, अस्सल वऱ्हाडी शेतकऱ्याची बोली आणि समोर सगळ्या जातींचा श्रोता, यात इथे कुणाला नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते बाहेरच्यांना.

रात्रभर उभं राहणारी माणसं

आता पूर्वेकडे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हा धानाचा मुलूख म्हणजे झाडीपट्टी. दिवाळीच्या आगेमागे धान निघतं, हाती पैसा येतो आणि गावोगाव मंडई भरते. मंडई म्हणजे भाजीबाजार नव्हे, जत्रा. दिवसा दंडार हा नाच-गाण्याचा लोकखेळ आणि दुकानं, रात्री नाटक. त्यात शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, असला तर गर्दीला पार नाही. लेकी माहेरी येतात, सोयरे-धायरे येतात, कुणाचा पोरगा नोकरीला लागला, कुणाची पोरगी लग्नाची झाली याची चौकशी होते. कित्येक सोयरिकी या नाटकांच्या रात्रींत जुळल्या. म्हणजे इथल्या कुटुंबाचा इतिहास लिहायला बसलं तर त्यात नाटक येणारच. आजा-आजीची भेट कुठल्या मंडईत झाली हे घरात सांगितलं जातं. त्या रात्री कोणतं नाटक होतं हेही कधीकधी आठवतं, आणि विनोदी नट कोण होता हे तर हमखास.

या नाटकांच्या आधीची पायरी खडी गंमत. डफ, ढोलकी, चोणकं, शाहीर, स्त्रीवेश घेतलेला नाच्या आणि कोपरखळ्या मारणारा सोंगाड्या. कलावंत रात्रभर उभे राहून खेळ करतात, म्हणून ‘खडी’. मंच नाही, पडदा नाही, गाव चारही बाजूंनी बसलेलं. अशा खेळात विनोद पाठ करून चालत नाही. पाटलाचं नाव, गावातली ताजी भानगड, समोर पेंगणारा म्हातारा, सगळं त्या क्षणी ओढून घ्यावं लागतं. पुढे पडदे आले, ऑर्गन आला, रंगमंच आला, पण ही सवय सुटली नाही. झाडीपट्टीच्या नाटकात मुख्य कथा रडवणारी असते. भावाभावांची भांडणं, सावत्र आई, त्याग, कुंकू, सगळं खच्चून भरलेलं. तिच्या अधूनमधून विनोदी नट येतो आणि नाटक आपल्या खिशात घालून जातो. प्रॉम्प्टर विंगेतून संवाद सांगत असतो आणि हा गडी भलतंच बोलत असतो.

दिवाळी ते होळी हा हंगाम. वडसा, म्हणजेच देसाईगंज, ही नाट्यमंडळांची पेठ. नागपूरचे नट-नट्या हंगामात तिकडे जातात, रात्रभर प्रयोग करतात आणि सकाळच्या गाडीत झोपतात. २०१४ च्या बंदीनंतर शंकरपट थांबले होते, नाटकं थांबली नाहीत. ज्यांना मराठी व्यावसायिक रंगभूमी म्हणजे मुंबई-पुणे-नाशिक एवढीच वाटते त्यांनी एकदा जानेवारीत वडशाच्या रस्त्यावरची पोस्टरं वाचावीत. तिकडची शुद्धलेखनाची गंमतही त्यात मिळेल, पण त्यावर हसणाऱ्याने आपल्या नाट्यगृहातल्या रिकाम्या खुर्च्या आधी मोजाव्यात.

परशुराम खुणे या मातीतले. ८०० च्या वर भूमिका, पाच हजारांच्या वर प्रयोग, हा त्यांच्या पद्मश्रीच्या वेळी जाहीर झालेला हिशेब. लोक त्यांना ‘झाडीपट्टीचे दादा कोंडके’ म्हणतात. हे विशेषण आदराने दिलेलं आहे, पण मला ते थोडं टोचतं. पाच हजार प्रयोग केलेल्या नटाची ओळख द्यायला अजून दुसऱ्याच कुणाचं नाव लागावं? मुळांकडे परतणाऱ्या विनोदवीरांच्या गोष्टीत खुण्यांची गोष्ट बसत नाही, कारण ते मुळांपासून लांब गेलेच नाहीत. मुंबईला जाऊन नाव कमवायचं आणि मग परत येऊन डोळे पुसायचे, हा मधला प्रवास त्यांनी वगळला.

घराने न सांगितलेला आजा

कुटुंबाच्या इतिहासात एक अवघड कोपराही आहे. खडी गंमतीत नाच्या झालेला आजा किंवा चुलत आजा अनेक घरांत होता, पण त्याचं नाव पुढच्या पिढीला सांगितलं जात नसे. शिकलेल्या नातवाला लाज वाटेल, सोयरीक मोडेल, ही धास्ती. शिवाय वाजवणं, नाचणं, सोंग घेणं हे कित्येक ठिकाणी जातीने लादलेलं काम होतं. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतली, त्यानंतर कितीतरी घरांनी असली कामं जाणीवपूर्वक सोडली. ती सोडायलाच हवी होती. त्यांच्यासोबत कौशल्य गेलं का? सगळं नाही. आंबेडकरी जलशाने ढोलकी ठेवली, सवाल-जवाब ठेवले, गण-गौळणीचा आशय मात्र बदलला. थट्टेचा रोख आता जातीच्या उतरंडीकडे वळला. नागपूरच्या उत्तरेकडच्या वस्त्यांत वाढलेल्या पोराच्या कानावर भीमगीतांबरोबर ही थट्टाही पडलेली असते.

कागदांतून असा आजा सापडेल का? विदर्भात घराण्याचा माग काढायचा म्हणजे आधी कोतवाल बुकाची नक्कल. गावच्या कोतवालाने ठेवलेली जन्म-मृत्यूची ही नोंद. दुसरा कागद शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा. जातवैधता प्रमाणपत्रासाठी धावपळ केलेल्या प्रत्येक घराला ही दोन्ही नावं पाठ असतात. मोडी लिपीतली पानं, वाळवीने खाल्लेल्या कडा, आणि ‘रेकॉर्ड सापडत नाही, पुढच्या सोमवारी या’ हे ठरलेलं उत्तर. त्यातून बापाचं, आज्याचं नाव मिळतं, गाव मिळतं, जात मिळते. हा माणूस रात्री गावाला हसवायचा, ही नोंद कुठल्याच रकान्यात नसते. दिवसा तो शेतात किंवा मजुरीवर असे आणि कागदाने त्याला तेवढंच ओळखलं.

म्हणूनच विनोदवीराच्या घराचा शोध कागदावर लवकर आटतो. पुढचं विचारायचं असेल तर गावातल्या ऐंशीच्या पुढच्या बाईला विचारावं. नाच्याचं खरं नाव, त्याचं लुगडं कुणाच्या घरून यायचं आणि कुठल्या टोमण्यावर कोण उठून गेलं, हे सगळं तिला माहीत असतं. पुरुष अशा गोष्टी विसरल्याचं दाखवतात.

हिंदीच्या बाजूने

नागपूरच्या विनोदाची एक शाखा हिंदीत वाढली, आणि मराठी माणसं तिच्याकडे थोडा कानाडोळा करतात. हिंदी व्यंगलेखनातलं मोठं नाव, हरिशंकर परसाई, यांनी एम.ए. नागपूर विद्यापीठातून केलं. हास्यकवी शैल चतुर्वेदी अमरावतीत जन्मले. नागपूरच्या मधुप पांडेय यांनी हिंदी हास्य-कविसंमेलनांचे मंच वर्षानुवर्षं सांभाळले. सुनील पालांना हिंगणघाटहून थेट हिंदीत उडी घेता आली, ती या जमिनीमुळे. रेल्वेच्या जंक्शनांभोवती वाढलेल्या या पट्ट्यात दोन्ही भाषा पोराच्या खिशात असतात.

राजकुमार हिरानी हे दिग्दर्शक, विनोदी नट नव्हेत, तरी त्यांच्या घरची गोष्ट इथे बसते. १९६२ साली नागपुरात जन्म, घर सिंधी. फाळणीत सिंध सोडावं लागलेल्या कुटुंबातले वडील नागपुरात टायपिंग इन्स्टिट्यूट चालवत. जरीपटक्यात अशी कितीतरी घरं वसली. मूळ गाव सीमेपलीकडे राहिलं, त्यामुळे या घरांतला नातू ‘मुळं शोधायला’ निघाला तर नागपूरच्या पुढे त्याला व्हिसा लागतो. मराठी वाचकाने ‘नागपूरचा माणूस’ म्हणताना ही घरंही मोजली पाहिजेत.

पडद्यावरची बोली

१९९० नंतर वाहिन्या वाढल्या, विनोदी कार्यक्रमांची स्पर्धा लागली आणि प्रादेशिक बोली एकदम मागणीला आल्या. मालवणी आधीपासून रंगभूमीवर होती, वऱ्हाडीला जागा मिळाली ती जरा उशिरा. गणेशपुऱ्यांनी तिच्यातला सुस्त, तिरकस, चेहऱ्यावरची रेघ न हलवता टोला देणारा सूर बरोबर पकडला. तो सूर शिकवून येत नाही, पारावर बसून येतो. पण कार्यक्रमाची चौकट अशी की बोलीचा हेल आला की हशा वाजवायचा, मग वाक्यात काही असो वा नसो. विदर्भाच्या बाहेरच्या लेखकाने लिहिलेली वऱ्हाडी ‘काहून’, ‘मले-तुले’ आणि ‘बे’ यांच्या पलीकडे जात नाही. गणेशपुऱ्यांसारखा नट अशा ओळीत जीव ओतू शकतो, पण प्रत्येक वेळी नट इतका पक्का नसतो.

गेल्या काही वर्षांत यूट्यूबवर विदर्भातल्या पोरांनी स्वतः लिहून, स्वतः उभं राहून केलेल्या चित्रफिती वाढल्या. त्यात तर्री-पोह्याचा ठेला आहे, रोजगार सेवक आहे, कापसाचा भाव आहे, बायकोच्या माहेरचे आहेत आणि बँकेतला साहेबही आहे. दर्जा वर-खाली आहे, शिव्या गरजेपेक्षा जास्त आहेत, आणि बायकांवरचे जुने विनोद अजून सुटलेले नाहीत. पण यातल्या कापूस खरेदी केंद्रावरच्या प्रसंगात शेतकरी विचारतो आणि साहेब उत्तर देता देता अडकत जातो. बघणारे साहेबाला हसतात.